लुलाव आधी उचलला, बराखा राहून गेली. आता काय?

अजनीचा_इस्राएली | नागपूर | गुरुवार, 9 ऑक्टोबर 2025, रात्री 10.40

शालोम, नमस्कार. नागपूरहून लिहून राहिलो. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. सुक्कोथ, म्हणजे झोपडीत बसायचा सण, चालू आहे आणि प्रश्न लुलावचा आहे, त्या सणाला हातात धरायच्या खजुराच्या पानाचा. आमच्या जवळपास मशीद नाही (आमचे बाबा सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतात), हझान (प्रार्थना चालवणारा) नाही, सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या मिन्यानचं तर नावच काढू नका. सणावाराला आमचं घर आणि मागच्या गल्लीतलं एक घर धरून मोठी माणसं जेमतेम पाच. त्यामुळे बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणताना चुकलं तर "अरे थांब" म्हणणारं कोणी नसतं. एक बाबा आहेत, पण ते चूक होऊन गेल्यावर बोलतात.

पणजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही कोकणातून इकडे आलो ते इकडचेच झालो. लुलाव मी आजवर हातात धरला तो ठाण्याला मामाकडे, लहानपणी, दोन-चार वेळा, तोही रांगेत उभं राहून. पुढचे काका घाई करायचे, मागचे ढकलायचे. बराखा कोणीतरी म्हणायचं आणि आपण आमेन. लुलाव, एथ्रोग, हदास आणि अरावा या चार वस्तूंचा स्वतःचा संच घेतला तो यंदा पहिल्यांदाच. मुंबईहून कुरिअरनं मागवला. किमतीचा आकडा बायकोला थोडा कमी करून सांगितला आहे, तो इथेही सांगत नाही, ती हे वाचते.

खोकं सोमवारी दुपारी आलं, म्हणजे सण लागायच्या चार तास आधी. तोवर जीव टांगणीला. एथ्रोग (लिंबासारखं फळ) तागासारख्या धाग्यात गुंडाळलेला, टोकाचा पितम (बोंडी) शाबूत. वास लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीच्या मधला कुठला तरी. पोरगी नऊ वर्षांची आहे, ती म्हणाली, "बाबा, एवढ्या खटाटोपाचं हे लिंबू?" तीन हदासच्या (मर्टलच्या) काड्या ठणठणीत होत्या, पण दोन अरावा (विलोच्या डहाळ्या) नागपूरच्या ऑक्टोबरला भिऊन आधीच माना टाकून बसल्या होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. तिथली कोथिंबीर हलवावी लागली, त्यावरूनही एक वाक्य ऐकलं.

गच्चीवर बांबू आणि शिंदीची पानं टाकून सुक्का (सणाची झोपडी) केला होता. त्याच रात्री कोजागिरी. सुक्कोथ तिश्री महिन्याच्या पंधराव्याला लागतो, म्हणजे चंद्र पुराच असतो, पण यंदा नेमकी तारीख एक आली. शेजारचे लोक आटीव दूध घेऊन गच्चीवर, आम्ही मनुकांच्या शरबतावर किद्दुश (पेल्यावरची सणाची बराखा) करून झोपडीत. त्यांनी आग्रहानं सहा पेले पाठवले. आम्ही मटण खाऊन बसलेलो. आता त्या काकूंना रात्री अकरा वाजता मांसावर दूध न घेण्याचा कायदा कुठे समजावणार! पेले फ्रिजमध्ये गेले, अरावाच्या शेजारी. सकाळी पोरीनं दोन प्यायले.

आता मुद्द्यावर येतो. मंगळवारी सकाळी बाबा गच्चीवर प्रार्थनेला यरुशलेमच्या दिशेला, पश्चिमेकडे, म्हणजे अंबाझरीच्या बाजूला तोंड करून उभे. मी खाली जाऊन संच घेऊन आलो आणि इतका हरखलो होतो की उजव्या हातात लुलाव, डाव्यात एथ्रोग घेऊन सरळ पोरीला दाखवायला लागलो: हे बघ असं हलवायचं, असं चारी दिशांना, असं वर, असं खाली. पानांचा सळसळ आवाज आला तशी ती टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात बाबा वळले.

"झालं? म्हणजे मित्स्वा झाली तुझी. आता बराखा काय म्हणतो? जेवून हात धुतल्यावर पंगतीतला श्लोक म्हणतात का रे?"

मित्स्वा म्हणजे धर्मानं नेमलेलं काम. मला काही सुचलं नाही. बराखा फुकट गेली तर देवाचं नाव व्यर्थ घेतल्यासारखं होतं हे माहीत होतं, म्हणून गप्प बसलो. हालेल (स्तुतीची स्तोत्रं) म्हटलं, त्यात पुन्हा हलवलं, पण बराखा नाहीच.

बुधवारी ताक फुंकून प्यायलो. चारी वस्तू टेबलावर ठेवल्या, रिकाम्या हातांनी लुलावची बराखा "अल नेतिलाथ लुलाव" म्हटलं, मग उचललं. आज सण हलका झाल्यावर मोबाईल उघडला, तर व्हिडिओतला माणूस एथ्रोग उलटा, पितम जमिनीकडे करून धरतो, बराखा म्हणतो आणि मग सरळ करतो. मीही तसं केलं. का केलं ते कळलं नाही. तीन दिवस, तीन तऱ्हा. आणि या सगळ्या गडबडीत आभाराची बराखा "शेहेहेयानु" एकाही दिवशी म्हटलं नाही, कारण ते पहिल्याच दिवशी म्हणायचं असतं असं डोक्यात होतं आणि पहिला दिवस तर हातचा गेला.

विचारायचं ते हे: मंगळवारचं काय झालं? शेहेहेयानु कायमचं बुडालं का? आणि एक जोडप्रश्न. माझी बायको शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लावताना आधी बराखा म्हणते आणि मग काडी ओढते, तिची आई तसंच करायची. पोरीनं कुठेतरी पाहिलं की आधी दिवे लावतात, हात तीनदा ओवाळतात, डोळे झाकतात आणि मग म्हणतात. आता ती आईची मास्तरीण झाली आहे. उद्या शुक्रवार. घरात शांतता पाहिजे, कोणीतरी सांगा बाप्पा.

मशिदीतला_म्हातारा | ठाणे | गुरुवार, रात्री 11.25

अरे बाबा, तुमच्या वडिलांना माझा शालोम सांगा. ते अर्धे बरोबर आहेत, आणि म्हातारा माणूस अर्धा बरोबर असला की पूर्ण ऐकावं लागतं.

मूळ नियम तालमुदात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, पेसाहीमच्या भागात आहे, शमुएलच्या नावानं रव (गुरू) यहुदानं सांगितलेला: मित्स्वाची बराखा ती करण्याच्या लगेच आधी म्हणायची. लगेच, हं. अर्धा तास आधी म्हणून चहा प्यायला गेलो असं नाही. आणि करून झाल्यावरही नाही. शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकण्याआधी, मेगिला (एस्थेरची कथा) वाचण्याआधी, मेझुझा (धर्मवचनांची गुंडाळी) चौकटीला ठोकण्याआधी. हे सगळीकडे सरळ बसतं, कारण वस्तू हातात घेणं वेगळं आणि काम करणं वेगळं. शोफार हातात धरून मी दहा मिनिटं उभा राहिलो तरी फुंकलेला नसतो.

लुलावची गंमत अशी की त्यात "घेणं" हेच काम. बराखाच बघा ना, "नेतिलाथ", म्हणजे घेणं. चारी जाती हातात आल्या, झाडावर जशा वाढतात तशा सरळ धरल्या, की मित्स्वा संपली. हलवणं ही वरची शोभा. म्हणजे बराखा म्हणायला जागाच उरत नाही. हातात नाही तेव्हा म्हटली तर काम अजून दूर, आणि हातात घेतली तर काम झालेलं.

म्हणून जुन्या लोकांनी फट शोधून काढली. एथ्रोग उलटा धरा. उलटा धरला की "वाढतात तसा" राहिला नाही, म्हणून मित्स्वा अजून व्हायची आहे. बराखा म्हणा, सरळ करा, झाली. तुमच्या व्हिडिओवाल्याचं तेच. दुसरी रीत, जी आपल्याकडे जास्त: लुलाव, हदास, अरावा उजव्या हातात घ्यायचे, बराखा म्हणायची, मग डाव्या हातानं एथ्रोग उचलायचा. चारातला एक बाहेर आहे तोवर काम अर्धं. टेबलावर ठेवून म्हटलंत तेही चुकलं नाही, वस्तू समोर तयार होत्या. पण हातात धरून म्हणण्यात जी लगट आहे ती टेबलात नाही.

आता मंगळवार. उचललंत, मित्स्वा झाली, बराखा राहिली. पण तोसाफोथवाले (तालमुदाचे जुने भाष्यकार) म्हणतात की हालेलमध्ये हलवायचं बाकी आहे तोवर मित्स्वाचं शेपूट शिल्लक आहे, तेवढ्यावर बराखा म्हणता येते. म्हणजे बाबांनी तुम्हाला अडवलं तेव्हा हालेल व्हायचं होतं. तेव्हाच म्हणायची होती. बराखा राहिली म्हणून मित्स्वा काही पुसली जात नाही, ती जमा आहे.

शेहेहेयानु बुडालेलं नाही. पहिल्या दिवशी राहिलं तर पुढच्या ज्या दिवशी लुलाव घ्याल त्या दिवशी म्हणा. उद्या शुक्रवारी म्हणून टाका. परवा शब्बाथ, लुलाव घ्यायचाच नाही, हातही लावायचा नाही. मग रविवार, आणि सोमवारी होशाना रब्बा, लुलावचा तो शेवटचा दिवस.

एक विचारतो. मागच्या गल्लीतल्या घरानं तुमचाच संच वापरला का? कसा दिलात?

रास्ता_पेठ | पुणे | गुरुवार, रात्री 11.50

काकांच्या पुढे आम्ही काय बोलणार. पण "लगेच आधी" वरून आठवलं. बराखा आणि काम यांच्या मध्ये बोलायचंही नसतं, हे लोक विसरतात. यंदा नव्याच्या सणाला (रोश हशाना, आपलं नवं वर्ष) आमच्या घरी आजारी आजीसाठी शोफार फुंकायला एक जण आले होते. त्यांनी "लिश्मोआ कोल शोफार" म्हटलं, शेहेहेयानु म्हटलं, शोफार ओठांना लावला आणि माझा मोठा भाऊ आजीला म्हणाला, "आजी, चष्मा लावतेस का?" ऐकायला चष्मा! सगळ्यांनी डोळे वटारले. फुंकणाऱ्यानं स्वतः काही बोललं नव्हतं म्हणून निभावलं, भावाला मात्र पुन्हा म्हणावं लागणार का यावर दुपारभर काथ्याकूट.

कामापुरतं बोललं तर चालतं. भाकरीवरची बराखा, हामोत्सी, म्हटलं आणि घास मोडायच्या आत "मीठ द्या" म्हटलं, हरकत नाही. तालमुदात तर "बैलांना चारा कालवा" म्हटलेलंही चालवून घेतलं आहे, कारण जनावराला घातल्याशिवाय मालकानं जेवायचं नसतं, म्हणजे तेही जेवणाचंच काम झालं.

अश्दोदची_माई | इस्राएल | शुक्रवार, 10 ऑक्टोबर, पहाटे 2.15

तुमच्याकडे पहाट असेल, आमच्याकडे अजून रात्र चढायचीय. अजनी म्हटलं आणि डोळ्यांसमोर नागपूर स्टेशनवरची संत्र्यांची करंडी आली. चाळीस वर्षं झाली त्याला.

दिव्याचं मी सांगते, ते आमचं खातं आहे. तुझ्या बायकोची रीत चुकीची नाही, आणि लेकीनं पाहिलंय तेही चुकीचं नाही. दोन्ही खऱ्या घरांतल्या रीती आहेत. मूळ नियम काकांनी सांगितला तोच: आधी बराखा, मग काम. सेफार्दी (स्पेन आणि अरब देशांकडच्या परंपरेच्या) बायका पुष्कळ ठिकाणी तसंच करतात, त्यांचे मोठे धर्मगुरू रव ओवादिया योसेफ यांनी तर त्यावर फार जोर दिला. माझी आई पनवेलची, तीही आधी म्हणायची. तिचा दिवा म्हणजे काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल. वात पेटली की भिंतीवर पाण्याची सावली हलायची.

मग अश्केनाझी (युरोपकडच्या परंपरेच्या) बायका उलटं का करतात? त्यांचा हिशेब असा: बराखा म्हटली म्हणजे बाईनं शब्बाथ स्वीकारला. शब्बाथ स्वीकारला की काडी ओढता येत नाही. मग दिवा लावणार कसा? म्हणून आधी लावायचा, लगेच डोळे झाकायचे, म्हणजे उजेड अजून "घेतला" नाही. बराखा म्हणून हात काढले की उजेड दिसला, तेच काम. एथ्रोग उलटा धरण्यासारखीच ही फट आहे बघ. एक फळ उलटं करतो, दुसरी डोळे झाकते.

सणाच्या दिव्याला मात्र ती अडचणच नाही, कारण सणाला पेटत्या दिव्यावरून दुसरा पेटवता येतो. मग सणाला तरी आधी बराखा म्हणावी, असं म्हणणारी एक बाईच होती. पोलंडकडचे मोठे पंडित यहोशुआ फाल्क, 1614 साली वारले, त्यांच्या बायकोचं हे मत, मुलानं वडिलांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आईच्या नावानं लिहून ठेवलं. पुढच्या काही पंडितांनी नाकं मुरडली, पुष्कळांनी मान्य केलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले. सणाला पेटवलेली काडी मात्र फुंकायची नाही, खाली ठेवायची, आपोआप विझू द्यायची. बशी जवळ ठेव, आमची ओट्यावरची फॉर्मायका जळली आहे एकदा.

उद्या तुझी बायको तिच्या आईसारखं करू दे. लेकीला स्वतःचा एक दिवा लावायचा असेल तर आईच्या रीतीनं लावू दे. ती मोठी होऊन दुसऱ्या घरी गेली की तिथे बघेल.

आणि हनुक्का (आठ रात्रींचा दिव्यांचा सण) येतोय म्हणून आताच सांगून ठेवते. यंदा पहिली वात रविवारी 14 डिसेंबरला संध्याकाळी. बराखा लावायच्या आधीच, सगळ्या रीतींत. पहिल्या रात्री तीन बराखा, पुढे दोन. शुक्रवारी 19 तारखेला सहा वाती येतील, त्या आधी लावायच्या आणि शब्बाथचा दिवा नंतर, उलटं नाही. विसरून एक-दोन वाती पेटवल्या आणि आठवलं, तर बाकीच्या शिल्लक आहेत तोवर बराखा म्हणता येते.

विदर्भ_एक्सप्रेस | नागपूर | शुक्रवार, सकाळी 7.05

माफ करा, मी तुमच्यातला नाही, सहज वाचत होतो. पण देवाला भाव पाहिजे ना भाऊ? आधी म्हटलं काय, नंतर म्हटलं काय?

अजनीचा_इस्राएली | शुक्रवार, सकाळी 7.30

भाऊ, माफी कशाला. पण दहा दिवस बसवलेल्या गणपतीचं विसर्जन करून आल्यावर तुम्ही प्राणप्रतिष्ठा करता का? भाव तर तेव्हाही असतोच. आम्ही तर मागच्या गुरुवारी दारफाळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास दीक्षाभूमीच्या गर्दीत काढला. योम किप्पूर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन यंदा एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला. रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना दर चौकात कोणी ना कोणी जेवू घालत होतं आणि बाबा 78 व्या वर्षी खिडकीत कोरड्या तोंडानं बसलेले. एका पोरानं खिडकीतून त्यांच्यापुढे पुरीभाजीचा द्रोण धरला. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "उद्या दे बेटा." भाव दोघांचाही होता, वेळ मात्र एकाचीच होती.

माई, बायकोला वाचून दाखवलं. ती "पेल्यात पाणी, वर तेल" ऐकून उठूनच गेली. तिच्या आईचाही तसाच होता.

काका, संच कसा दिला ते सांगतो. मागच्या गल्लीतले दादा मंगळवारी आले, मी म्हटलं घ्या, तुमचाच समजा.

मशिदीतला_म्हातारा | ठाणे | शुक्रवार, सकाळी 8.10

"तुमचाच समजा" यानं वाचवलंत. पहिल्या दिवशी लुलाव स्वतःच्या मालकीचा लागतो, उसना चालत नाही. आपण बाहेरच्या देशांतले, म्हणून दुसराही दिवस तसाच धरतो. म्हणून ज्याला द्यायचा त्याला खरोखर देऊन टाकायचा, एवढीच अट की काम झालं की परत द्यायचा. "वापरा आणि आणून द्या" म्हटलं तर तो उसना. "तुम्हाला दिला, झाल्यावर मला द्या" म्हटलं तर तो त्याचा. शब्दांचा खेळ वाटतो, पण मालकी शब्दांनीच बदलते, घराचं बक्षीसपत्र करून बघा.

लेकीला मात्र पहिल्या दोन दिवसांत मोठ्यांचं उरकायच्या आधी "हे तुझं" म्हणून देऊ नये. लहान मूल घेऊ शकतं, पण कायद्यानं परत देऊ शकत नाही. मग बाकीचे सगळे रिकामे बसतील. नुसतं हातात धरू द्या, दिलं म्हणू नका. आता मधले दिवस आहेत, आता काही अडत नाही.

आणि एक. तुमच्या वडिलांना विचारा, त्यांच्या आजीच्या घरी कोकणात लुलाव होता का. माझ्या पणजीला या सणाचं नाव खिरीचा सण एवढंच माहीत होतं. नव्या पिकाची खीर करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मुंबईची जुनी मशीद 1796 ची, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली. त्यानंतर हळूहळू आपण हे सगळं शिकलो, बराखा आधी की नंतर यासकट. शिकणाऱ्याकडून चुका होणारच.

काटोलचा_बागाईतदार | शुक्रवार, सकाळी 9.40

मीही तुमच्यातला नाही, पण फळ माझ्यातलं आहे. एथ्रोग म्हणजे तुम्ही ज्याला म्हणून राहिले ते आमचं म्हाळुंगच ना? जाड साल, आत रस नावाला, टोकाला बोंडी? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते. आमच्या आजीच्या विहिरीपाशी एक झाड होतं, लोणचं घालायचे. एवढे पैसे देऊन मुंबईहून आणलं वाचून जीव कळवळला. इकडे एखाद्याच्या बांधावर सापडेल.

आणि ते बैलांना आधी चारा, हे वाचून लय बरं वाटलं. पोळ्याला आमच्याकडे बैलानं पुरणपोळीला तोंड लावल्याशिवाय घरात पान वाढत नाहीत.

मशिदीतला_म्हातारा | ठाणे | शुक्रवार, सकाळी 10.20

भाऊ, तेच फळ, पण एक अडचण. कलम केलेल्या झाडाचा एथ्रोग चालत नाही. म्हाळुंगाचा डोळा लिंबावर भरलेला असेल तर ते फळ बाद. म्हणून माहितीतल्या बागेचं, पिढ्यान्पिढ्या बियांवर वाढवलेलं मागवतात, किंमत त्याची आहे.

काटोलचा_बागाईतदार | शुक्रवार, सकाळी 10.45

अच्छा! मग आमच्या नर्सरीतलं एकही चालायचं नाही. नागपुरी संत्रा सगळा जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेला. बियांचं झाड फळ धरायला लय वर्षं घेतं, एवढा दम कोणाला आहे. आजीचं झाड मात्र बियांचं असावं, तेव्हा कोण कलमं करायचं म्हाळुंगाची. ते गेलं, विहीर बुजवली तेव्हाच.

अजनीवाले भाऊ, तुमचं फळ सण झाल्यावर काय करता? त्याच्या बिया द्या मला. खात्रीच्या बियांपासून दोन रोपं करतो, एक तुमचं, एक माझं.

अजनीचा_इस्राएली | शुक्रवार, दुपारी 1.15

आज सकाळचं सांगतो. बाबा, मी, पोरगी गच्चीवर. सुक्क्याची शिंदी पार वाळून पिवळी पडली आहे, हवा आली की कागदासारखी वाजते. अरावाची पाच-सहा पानं फडक्यातच गळून राहिली होती. उरलेली अजून हिरवी आहेत, म्हणून वापरली.

काकांच्या दुसऱ्या रीतीनं केलं. एथ्रोग सुक्क्यातल्या स्टुलावर ठेवला. लुलाव उजव्या हातात, कणा माझ्याकडे. बराखा म्हटली. (पूर्ण शब्द इथे लिहीत नाही, देवाचं नाव स्क्रीनवर नको.) मग शेहेहेयानु. "या वेळेपर्यंत आम्हाला पोचवलंस" असा त्याचा अर्थ. तीन दिवस उशिरानं म्हणताना तो शब्द जरा अडकला घशात, खोटं कशाला बोलू. मग डावा हात खाली नेला तर स्टुलावर एथ्रोग नाही.

पोरगी दोन्ही हातांत धरून उभी, वास घेत. बोलायचं तर नाही, रास्ता पेठवाल्यांनी कालच बजावलेलं. मी डोळ्यांनी खुणावतो, ती हसते. शेवटी बाबांनीच तोंड उघडलं, "दे ना गं त्याला!" बाबांनी अजून स्वतःची बराखा म्हटली नव्हती, म्हणून त्यांना बोलायला मोकळीक. आणि मला आठवलं की कामापुरतं मीही बोलू शकलो असतो. "मीठ द्या" सारखंच की ते. तिनं दिला, मी धरला, हलवलं.

मग बाबांची पाळी. त्यांनी एथ्रोग उलटाच धरला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला ही रीत माहीत होती तर मंगळवारी का नाही सांगितली?" तर म्हणतात, "तू विचारलं होतं का?" खिरीचंही विचारलं. त्यांच्या आजीच्या घरी लुलाव नव्हता, खीर होती. नारळाच्या दुधाची, नव्या तांदळाची. बायकोनं ऐकलं आहे, आज शब्बाथच्या जेवणात मटणाचा बेत आहे आणि नारळाचं दूध मांसासोबत चालतं, म्हणून खीरही होणार.

काटोलवाले भाऊ, बिया नक्की. पण सोमवारपर्यंत फळ मित्स्वाचं आहे, मंगळवारी आणि बुधवारी पुन्हा सण, तोवर त्याला चाकू लावता येत नाही. गुरुवारी, 16 तारखेला, संध्याकाळी फोन करतो. सालीचा मुरांबा करायचा बायकोचा विचार आहे, बिया धुऊन सावलीत ठेवू की ओल्याच देऊ ते सांगा.

काटोलचा_बागाईतदार | शुक्रवार, दुपारी 1.40

ओल्याच. वाळवू नका, लिंबूवर्गीय बी वाळलं की उगवत नाही. फडक्यात ठेवा, त्या अरावाच्या फडक्यात चालेल. गुरुवारी मी अजनीलाच येतो.